सानगडीचे गोटे

नागपुरास आमच्या बैठकीच्या खोलींत ज्या जागीं वडिलांच्या पोथ्यांची पेटी असे, तेथें गेल्या वर्षापासून दुसरीच एक पेटी आली आहे. ती काचेची असून तिची लांबी २ फूट, रुंदी १ फूट व उंची १ फूट आहे. काठोकाठ भरली तर तींत सुमारें ५६ लिटर पाणी मावतें. आमच्या धाकट्या नातीनें हट्ट धरला, तिच्या काकानें तो पुरवला, आणि निळ्या-तांबड्या रेघांचे बारा चिमुकले मासे आमच्या एकत्र कुटुंबांत सामील झाले. ज्या घरांत मासा कधीं पानांत वाढला गेला नाहीं, त्या घरांतलीं लहानमोठीं सारीं माणसें दिवेलागणीनंतर त्या पेटीपुढें बसूं लागलीं. आमच्या वहिनी तर जपाची माळ घेऊन तेथेंच बसत.

ह्या बारा जिवांपैकीं नऊ माझ्यामुळें मेले. तें कसें घडलें हें सांगितल्यावांचून पुढची हकीकत सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल.

गेल्या चैत्रांत मी जबलपुराकडे गेलों होतों. भेडाघाटास नर्मदेच्या दोन्ही तीरांवर संगमरवराचे शुभ्र कडे उभे आहेत. ते पाहून मन प्रसन्न झालें, आणि येतांना तेथल्या एका दुकानांतून संगमरवराच्या खड्यांची एक पिशवी मीं विकत आणली. 'नर्मदेचे कंकर तितके शंकर' ही म्हण लहानपणापासून कानांवर पडलेली. घरीं येतांच नातीला म्हटलें, "हे घाल तुझ्या पेटींत; नर्मदामातेचा प्रसाद आहे." तिनें विचारलें, "आजोबा, चालतील ना?" मी नुसता हंसलों. पहिल्या आठवड्यांत कांहींच झालें नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत मासे वर येऊन धापा टाकूं लागले, आणि महिना भरण्यापूर्वीं नऊ गेले. मासे ज्या दुकानांतून आणले होते तेथील तरुणानें पाण्याची परीक्षा केली व तळाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "दोष ह्या दगडांचा." नातीनें माझ्याकडे एकदां पाहिलें, पण ती कांहीं बोलली नाहीं. बोलली असती तर मला बरें वाटलें असतें.

मग मीं ह्या गोष्टीचा मुळापासून विचार केला. संगमरवर म्हणजे भूगर्भांतील उष्णतेनें व दाबानें रूप पालटलेला चुनखडकच. माशांच्या श्वासांतून कार्बन डायऑक्साइड पाण्यांत मिसळतो व पाणी किंचित् आम्ल होतें. तें आम्ल चुन्याला हळूहळू खातें, आणि चुना विरघळूं लागला कीं पाणी जड व क्षारधर्मी होतें. हें मोजण्याचें पी.एच. नांवाचें जें माप आहे, त्यांत ७ हा मध्य समजतात. त्याखालीं आम्ल व त्यावर क्षार, आणि प्रत्येक अंकाला दसपटीचा फरक. आमचे मासे निऑन टेट्रा जातीचे. त्यांचें मूळ माहेर दक्षिण अमेरिकेंतील अॅमेझॉनच्या खोऱ्यांत, जेथें पाणी मऊ व किंचित् आम्ल असतें. त्यांच्यासाठीं आम्ही गाळणयंत्रांतून काढलेलें, जवळजवळ क्षारहीन पाणी वापरीत होतों. अशा पाण्याला बाहेरचा परिणाम थोपवून धरण्याची शक्ति नसते. पी.एच. ८ च्या वर गेला. दुसरीहि एक गोष्ट घडली. माशांच्या मळापासून अमोनिया तयार होतो. पी.एच. ७ असेपर्यंत त्याचा फारच थोडा भाग विषारी रूपांत असतो. ८ झाला कीं तो विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. माझ्या प्रसादानें पाण्यांत निजलेलें विष जागें केलें.

येथें संगमरवराची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. आफ्रिकेंतील मलावी व टांगानिका ह्या सरोवरांतील मासे जड, क्षारधर्मी पाण्यांतच सुखानें राहतात, आणि आपल्याकडे घरोघर पाळले जाणारे गप्पी व मॉली यांनाहि थोडा चुना मानवतो. वैद्यकांत जें एकाचें पथ्य तें दुसऱ्याचें कुपथ्य असतें, तसेंच हें आहे. दगड चांगला कीं वाईट, हें तो कोणत्या पाण्यांत व कोणत्या जिवांबरोबर राहणार आहे तें पाहूनच ठरवावें लागतें.

मला खरी लाज वाटली ती वेगळ्याच कारणानें. अमरकोशांत दगडाला सात नांवें दिलीं आहेत. तीं मीं पिढ्यानुपिढ्या मुलांकडून घोकून घेतलीं, परंतु एकाहि दगडाचा एकहि गुण मला ठाऊक नव्हता. वास्तविक आपल्या घरांना ही विद्या अगदींच परकी नाहीं. पंचायतनांत विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा, शिवाचें बाण नर्मदेचें, गणपतीचा तांबडा पाषाण शोणभद्राचा, देवीची शिला सुवर्णमुखीची आणि सूर्याचा स्फटिक; असे पांच पाषाण आपल्या वाडवडिलांनीं जागा पाहून व पारखून ठरविले. कोणताहि दगड कोठेंहि चालेल, असें त्यांनीं कधींच म्हटलें नाहीं. तें मीं म्हटलें.

उरलेल्या तीन माशांना लपावयास आडोसा हवा होता, आणि दुकानांतले रंगवलेले दगड आतां नातीला नको होते. तेव्हां मला सानगडीची आठवण झाली. माझ्या नोकरीचीं पहिलीं सहा वर्षें त्या गांवीं गेलीं. तेथें ढिवरांच्या वस्तींतला एक मुलगा माझ्या वर्गांत होता. आतां तोहि पन्नाशीला टेकला असून मासेमारी हाच त्याचा व्यवसाय आहे. मार्गशीर्षांत, धानाची कापणी आटोपल्यावर, मी नातीला घेऊन निघालों.

नागपुराहून पूर्वेस कलकत्त्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें सुमारें ६० किलोमीटरवर भंडारा लागतें व तेथें वैनगंगा ओलांडावी लागते. पुढें लाखनी, आणि नागपुरापासून सुमारें १०० किलोमीटरवर साकोली. ज्यांचें आयुष्य पुण्या-साताऱ्याकडे गेलें आहे त्यांना ह्या वाटेवर एक फरक जाणवावा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या कातळानें व्यापला आहे, तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. त्याची पूर्वेकडील कड नागपुराच्या आसपास संपते. पुढें जमिनीचें हाडच वेगळें. साकोलीच्या परिसरांतले खडक शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वींचे असून भूगर्भशास्त्रज्ञांनीं त्यांस ह्याच गांवावरून 'साकोली समूह' असें नांव दिलें आहे. त्यांत गारेचे कठीण खडक आहेत, पापुद्र्यापापुद्र्यांचे अभ्रकयुक्त खडक आहेत, पाटीसारखे मऊ खडकहि आहेत. भंडारा जिल्हा खनिजांचाहि धनी आहे. तुमसर तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत, पवनीकडे क्रोमाइट सांपडतें, आणि कायनाइट व सिलिमनाइट हीं भट्टीच्या विटांस लागणारीं खनिजेंहि ह्या जिल्ह्यांत आहेत. खनिजांच्या मुलखांत सुंदर दगडांस तोटा नसतो, आणि म्हणूनच तेथें सावधपणाहि अधिक लागतो.

सानगडी हें साकोलीच्या दक्षिणेस. टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष, खालीं गांव, आणि सभोंवार धानाच्या बांध्या. हा तळ्यांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळांत कोहळी समाजाच्या लोकांनीं पाळी घालून गांवोगांव तलाव बांधले. मालगुजारी १९५० च्या कायद्यानें गेली, तरी लोक त्यांस अजून मालगुजारी तलावच म्हणतात. कोहळ्यांनीं पाणी अडविलें आणि ढिवरांनीं त्या पाण्यांतलें जीवन ओळखलें. पाण्याच्या ह्या दुसऱ्या विद्येकडे मीं सहा वर्षांत कधीं ढुंकून पाहिलें नव्हतें.

माझा विद्यार्थी वेशीवर उभा होता. वाकून नमस्कार करून त्यानें प्रथम नातीच्या हातांतली पिशवी घेतली. आमचें काम ऐकून तो म्हणाला, "गुरुजी, किल्ल्यावरचा गोटा नाई घ्यायचा जी. तो किल्ल्याचाच हाये." त्यानें सांगितलें नसतें तरी मीं तो घेतला नसता, असें मला वाटतें, पण माझी नजर तिकडे गेली होती हें खरें. तेथून तो आम्हांस एका नाल्याकडे घेऊन गेला.

मीं बरोबर एक लोखंडी खिळा, काचेचा एक तुकडा, व्हिनेगरची बाटली आणि लोहचुंबक आणलें होतें. त्याच्याजवळ कांहींच नव्हतें. पण मी काठावरचे सुके, चमकदार दगड गोळा करूं लागलों तेव्हां तो घोटाभर पाण्यांत उतरला व म्हणाला, "गोटा पान्यात किती दिस राहिला, ते पहिलं पाहा जी." वर्षानुवर्षें वाहत्या पाण्यांत घासला गेलेला गोटा गुळगुळीत असतो, त्याचा जो भाग विरघळावयाचा वा झडावयाचा, तो बहुतेक झडून गेलेला असतो. त्याच्या कडा माशाचें अंग चिरीत नाहींत. अशा गोट्यावर शेवाळ धरलेलें असतें, त्याला गोगलगाई चिकटलेल्या असतात, आणि तो उचलला कीं खालून झिंगे पळतात. त्यानें एक गोटा उचलून नातीला खालची बाजू दाखविली आणि जसा होता तसा, त्याच बाजूवर, पुन्हा ठेवून दिला. "ह्याच्या खालीं घर हाये," एवढेंच तो म्हणाला. ज्यांच्याखालीं कोणी राहत नव्हतें तेवढेच गोटे आम्हीं निवडले.

तथापि वाहत्या पाण्यांत जें अपायकारक नसतें, तें कोंडलेल्या ५६ लिटरांत अपायकारक ठरूं शकतें. म्हणून त्याच्या परीक्षेवर मीं माझी परीक्षा लावली. खिळ्यानें ओरखडा काढावा. गारगोटीवर खिळ्याचाच लोखंडी माग उमटतो, आणि तिनें काचेवर रेघ पडते. अशी गार व गारेचा खडक पाण्याला कांहींहि देत नाहीं, म्हणून तो सर्वांत निर्धोक. ज्या दगडाचें पीठ सहज निघतें, त्या पिठावर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा थेंब टाकावा. फेस आला तर तो चुन्याच्या जातीचा. थेंब दगडावर न टाकतां पिठावर टाकावयाचा, हें महत्त्वाचें. भेडाघाटचा संगमरवर मॅग्नेशियमयुक्त आहे. त्याचा उरलेला खडा मीं घरीं तपासला तेव्हां पृष्ठावर कांहींच दिसलें नाहीं, पण पीठ करतांच बारीक बुडबुडे आले. सानगडीच्या नाल्यांतहि एक मातकट, गांठीसारखा गोटा मीं चांगला म्हणून उचलला होता. थेंब पडतांच तो फसफसला. तो चुनकंकर निघाला. मातींतला चुना गोळा होऊन असे कंकर बनतात, व पूर्वीं तेच भाजून घरें बांधण्यास चुना करीत.

नातीला सोनेरी चमकीचे दगड फार आवडले. त्यांतला एक अभ्रकाचा होता. अभ्रक विषारी नाहीं, परंतु त्याचे पापुद्रे सुटून पाण्यांत तरंगतात आणि त्यांच्या कडांना धार असते, म्हणून तो परत ठेवला. पितळेसारखी चकाकी, टोंकदार कण व जवळच गंजाचा डाग दिसला, तर मात्र अधिक सावध असावें. तें लोखंड व गंधक यांचें माक्षिक असूं शकतें. हवा व पाणी लागलें म्हणजे त्यापासून गंधकाचें तीव्र आम्ल बनतें. हिरवा-निळा थर असेल तर तांब्याची शंका घ्यावी. तांबें माशांना घातक, आणि झिंगे व गोगलगाईंना तर अत्यल्प प्रमाणांतहि. चुंबकाला चिकटणारा, हाताला अकारण जड लागणारा, बोटांस काळें लावणारा, किंवा खाणीच्या ढिगाऱ्यावरचा दगड कितीहि देखणा असला तरी सोडून द्यावा. सच्छिद्र मुरुमाचा दगड माती सोडीत राहतो. धानाच्या बांधीच्या कडेचा सच्छिद्र दगड तर घेऊंच नये, कारण फवारणीचीं औषधें त्यांत मुरलेलीं असूं शकतात.

ऊन कलल्यावर आम्ही तिघें पाळीवर शिदोरी सोडून बसलों. पिशवींत सात गोटे होते. मला बरेच दिवस एक गोष्ट सलत होती. हाच मुलगा विभक्ति चालवितांना अडला कीं मी त्याला सर्वांदेखत 'दगड' म्हणत असें. सातवीनंतर त्यानें शाळा सोडली. नातीसमोर मीं तें बोलून दाखविलें व म्हटलें, "तें माझें चुकलें." तो क्षणभर पाण्याकडे पाहत राहिला, मग हंसून म्हणाला, "तवा तुमी तं साऱ्यायलेच दगड म्हनत होते जी, मी काय येकटाच होतो?" नात खो खो हंसली. मीहि हंसलों, परंतु शाळा सोडण्याविषयीं तो कांहीं बोलला नाहीं, हें माझ्या लक्षांत राहिलें आहे. निघतांना मीं पैसे पुढें केले ते त्यानें घेतले नाहींत. "मासे जगले का मेले, ते फोन करून सांगजा," असें त्यानें नातीला बजावलें.

घरीं आल्यावर गोटे धुण्याचा प्रश्न आला. सुनेचा विचार ते उकळून काढण्याचा होता. येथें मात्र माझें संस्कृत उपयोगीं पडलें. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत दकार्गल नांवाचा भूमिगत जलाविषयींचा अध्याय आहे. विहीर खणतांना शिला फुटत नसेल तर तिच्यावर पळस व टेंभुर्णीचीं लाकडें पेटवून ती लाल तापवावी आणि चुन्याचें पाणी शिंपडावें, म्हणजे ती फुटते, असें तेथें सांगितलें आहे. तापलेला दगड फुटतो, हें सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींच लिहून ठेविलेलें! दगडाच्या भेगांत कोंडलेल्या पाण्याची वाफ झाली तर चुलीवरहि तो फुटून तुकडे उडूं शकतात. म्हणून दगड उकळूं नये, भट्टींत भाजूं नये. साबण तर लावूंच नये. तो छिद्रांत राहून माशांना बाधतो. नव्या ब्रशानें साध्या पाण्याखालीं घासावे, मग परातींत ठेवून वरून कढत पाणी ओतावें, आणि चार-सहा दिवस कडक उन्हांत वाळवावे, म्हणजे जळवांचीं व गोगलगाईंचीं अंडीं बरोबर येत नाहींत.

शेवटची कसोटी बादलीची. दोन स्वच्छ बादल्यांत पेटीसाठीं वापरतों तेंच पाणी सारखें भरलें. एकींत गोटे घातले, दुसरी तशीच ठेविली. पंधरा दिवस नातीनें रोज दोन्हींचा पी.एच. रंगपट्टीनें पाहून वहींत टिपला. दुसरी बादली कशासाठीं, असें वहिनींनीं विचारलें. पाणी नुसतें ठेवल्यानेंहि थोडें बदलतें. तो बदल वजा केल्यावर जो उरेल तोच दगडाचा, हें नातीनें त्यांना समजावून सांगितलें. सहाव्या दिवशीं गोट्यांच्या बादलींत तांबूस गाळ दिसला. एक गोटा मुरुमाच्या जातीचा होता, तो काढला. पी.एच. हि चढत होता. मग एकेक गोटा वेगळा ठेवून पाहिला, तेव्हां एका करड्या गोट्याच्या भेगेंत चुन्याची पांढरी शीर सांपडली. ती माझ्या खिळ्याला व बाटलीला चुकली होती. पांच उरले.

ते पेटींत ठेवतांना पाणी अर्ध्यावर आणून, वाळूच्या आधीं गोटे बसविले. वाळूवर ठेवले तर मासे खालून उकरतात व गोटा कलंडून काच फुटते. मोठा गोटा खालीं, रुंद बाजूवर, काचेवर एका टोंकाचा भार येऊं नये म्हणून तळाशीं जाड पत्र्याऐवजीं प्लॅस्टिकची जाळी. गोटे हलवून पाहिले आणि मगच वाळू पसरली. नातीनें त्यांस पंचायतन असें नांव दिलें. वहिनींना तें प्रथम रुचलें नाहीं, पण आतां त्याहि तेंच म्हणतात.

ज्यांच्या घरीं अशी पेटी असेल त्यांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, दगड थोडे घ्यावे आणि विचारून घ्यावे. नवेगांव-नागझिऱ्यासारख्या राखीव वनांतून, किल्ल्यांवरून, शेंदूर लावलेल्या जागेवरून एकहि घेऊं नये. आमचे ते दोन नापास गोटे व चुनकंकर मीं फेकले नाहींत. एका पिशवींत बांधून ठेवले आहेत. पुढच्या वेळीं सानगडीस जाईन तेव्हां त्यांना नाल्यांत सोडीन.

त्या रात्रीं तीन मासे गोट्यांच्या सांवलींत जाऊन उभे राहिले. नातीनें फोन लावला व सांगितलें, "काका, आंत गेले." पलीकडून काय उत्तर आलें तें मला ऐकूं आलें नाहीं, ती मात्र बराच वेळ बोलत होती.